आधी कट्टा, मग परिषद

सोलापुरात तंत्रज्ञानाची परिषद भरवायची असे चार उत्साही माणसांनी ठरवले की पहिली चर्चा सभागृहाची होते, दुसरी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या वक्त्यांची आणि तिसरी प्रायोजकांची. कार्यक्रम बहुधा चांगला होतो. तीनशे विद्यार्थी येतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, सगळ्यांचे एकत्र छायाचित्र निघते. पुढच्या सोमवारी मात्र एखाद्या मुलीला त्या दिवशी ऐकलेले काही करून पाहावेसे वाटले आणि ती पहिल्याच अडचणीपाशी अडली, तर विचारायला गावात ओळखीचे कोणी नसते. वक्ते परत गेलेले असतात, आयोजक थकलेले असतात आणि शेजारच्या खुर्चीवर दिवसभर बसलेल्या मुलाचे नावही तिला माहीत नसते. कष्टांत कसर नसते. क्रम उलटा झालेला असतो. परिषदेने माणसे जमतात, पण ती एकमेकांची होतात वारंवार भेटण्याने. म्हणून ज्यांना जुळे सोलापुरात असे काही उभे करायचे आहे त्यांनी आधी महिन्याला एक छोटा कट्टा सुरू करावा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या जागी. तो किमान दीड-दोन वर्षे न चुकता चालवावा आणि परिषदेचा विषय तोवर काढूच नये.

आज ज्या तंत्रपरिषदा मोठ्या दिसतात त्यांची मुळे पाहिली तर हाच क्रम आढळतो. भारतातली पायथॉन भाषेची पहिली राष्ट्रीय परिषद, पायकॉन इंडिया, २००९ मध्ये बंगळूरला झाली आणि २०११ मध्ये पुण्यात आली. तिच्यामागे ‘बँगपायपर्स’ या आधीपासून चालत आलेल्या स्थानिक गटातली माणसे होती. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत २००३ पासून ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा वार्षिक मेळावा भरू लागला, त्याला शहरातल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या ‘प्लग’ या गटाचा आधार होता. वर्डप्रेस वापरणाऱ्यांची वर्डकॅम्प परिषद एखाद्या शहराला हवी असेल, तर तिथे नियमित भेटणारा स्थानिक गट आहे का, हे आधी पाहिले जाते. जगभर शेकडो परिषदा भरवल्यानंतर त्या लोकांना ही दक्षता घ्यावीशी वाटली, याचा अर्थ आपण लक्षात घ्यायला हवा. आणखी मागे गेलो तर कॅलिफोर्नियातला होमब्रू कॉम्प्युटर क्लब दिसतो. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली, नंतर पंधरा-पंधरा दिवसांनी भेटत राहिली आणि हे १९८६ पर्यंत चालले. स्टीव्ह वॉझ्नियाक तिथलाच. ऍपल-१ चे आराखडे त्याने या मंडळींमध्ये फुकट वाटले होते. मराठीपुरते बोलायचे तर मराठी विज्ञान परिषदेचे उदाहरण आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची वार्षिक अधिवेशने वेगवेगळ्या गावांत भरतात, कारण गावोगावी तिचे विभाग आहेत आणि अधिवेशनाचे ओझे उचलायला तिथे ओळखीचे हात असतात.

वारंवार भेटण्याने नेमके काय घडते, याचा अभ्यासही झालेला आहे. ऍनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिजनल ऍडव्हांटेज’ या ग्रंथात सिलिकॉन व्हॅली आणि बोस्टनजवळचा रूट १२८ या दोन भागांची तुलना केली. दोन्हीकडे उत्तम विद्यापीठे होती, पैसा होता, हुशार अभियंते होते. बोस्टनकडच्या कंपन्या आपापल्या भिंतींच्या आत राहिल्या. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी कंपनीची कुंपणे ओलांडून एकमेकांशी बोलणे चालू ठेवले, आणि संकटाच्या काळात सावरायला तेच उपयोगी पडले. त्याआधी १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवले होते की नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या परिचिताकडून येण्याची शक्यता जास्त असते, कारण जिवलगाला जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलताना फार घट्ट नसलेली, मध्यम ओळख सर्वांत कामी येते असे दिसले. कट्टा नेमकी हीच ओळख निर्माण करतो. महिन्याला एकदा भेटणारी माणसे जिवलग होतीलच असे नाही, पण कोणाला काय येते आणि कोणाचे कुठे अडले आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे: सोलापुरात आयटी कंपन्या आहेत कुठे? पुण्यात मीटअपला शंभर माणसे येतात, कारण तिथे लाखो अभियंते आहेत. इथे येणार कोण? याचे उत्तर दुर्गापूरच्या उदाहरणात आहे. पश्चिम बंगालमधले हे पोलादाचे शहर. त्याची ओळख कारखान्यांची, सॉफ्टवेअरची कधीच नव्हती. तिथल्या लिनक्सप्रेमींनी २००४ मध्ये ‘डीजीप्लग’ नावाचा गट सुरू केला आणि २००८ पासून आयआरसी या साध्या, फक्त अक्षरांच्या गप्पांच्या माध्यमातून दर उन्हाळ्यात विनामूल्य प्रशिक्षण चालवले. त्या वर्गांतून शिकलेली मुले पुढे जगातल्या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करू लागली. शहर लहान होते म्हणून गट खुंटला नाही. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. तंत्रज्ञानाची माणसे फक्त कंपनीच्या इमारतीत शोधायची सवय आपण सोडली, तर सोलापूर रिकामे दिसत नाही.

जुळे सोलापूर त्या दृष्टीने पाहावे. विजापूर रस्त्याला लागून वाढलेली ही मध्यमवर्गीय वस्ती. इथल्या किती घरांतली मुले-मुली पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहेत, हे कोणत्याही सोसायटीत विचारून पाहा. टाळेबंदीत त्यांतले बरेच घरी परतले आणि काही जण अजूनही इथूनच काम करतात. दिवसभर हेडफोन लावून खोलीत बसतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याच क्षेत्रातला दुसरा माणूस तसाच बसलेला आहे हे त्यांना माहीत नसते. याशिवाय संगणक शिकवणारे प्राध्यापक आणि शाळाशिक्षक आहेत, टॅली आणि जीएसटीची कामे करणारे आहेत, तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी साठा-विक्रीचे सॉफ्टवेअर बसवून देणारे आहेत, सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगवाले आहेत, निवृत्त दूरसंचार कर्मचारी आहेत. विद्यार्थी तर सगळ्या शहरात विखुरलेले: वालचंद तंत्रज्ञान संस्था अशोक चौकाकडे, ऑर्किड तुळजापूर रस्त्यावर, विद्यापीठ केगावला. ही महाविद्यालये एकमेकांपासून लांब आहेत आणि प्रत्येकाचे कार्यक्रम आपापल्या आवारात होतात. कट्टा वस्तीत हवा तो याचसाठी. एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात तो भरला की तो त्या महाविद्यालयाचा होतो. दुसऱ्या महाविद्यालयाची मुले बिचकतात आणि नोकरदार माणूस फाटकावर नाव लिहून आत शिरायला तयार होत नाही.

जागा शोधताना मोठेपणा पाहू नका. वीस खुर्च्या, एक पांढरी भिंत, चालणारे पंखे, स्वच्छतागृह आणि दुचाकी लावायला जागा एवढे पुरते. सोसायटीचे सभागृह, अभ्यासिकेची रविवारी रिकामी राहणारी खोली, शिकवणीचा वर्ग, एखाद्या सनदी लेखापालाचे कार्यालय यांतले काहीही चालेल. अट एकच: ती जागा वर्षभर तीच राहिली पाहिजे. दर महिन्याला जागा बदलली तर नियमित येणारे कसेबसे पोहोचतात आणि नवा माणूस वाटेतूनच परत फिरतो. दिवसाचेही तसेच. महिन्याचा दुसरा रविवार ठरवला तर तो दुसराच. वक्ता मिळाला नाही, पाऊस आला, चारच माणसे येणार असे कळले, तरी कुलूप उघडायचे. वेळ ठरवताना गावाचे वेळापत्रक विचारात घ्यावे. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून घरी आलेली मुले रविवारी दुपारनंतर परतीच्या तयारीला लागतात, म्हणून सकाळी दहा ते बारा ही वेळ त्यांना जमते. काही दिवसांआड येणारे पाणी रविवारी सकाळी सुटणार असेल तर घरातला एक माणूस अडकतो. त्याला उशीर झाला म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला सुरू करून उन्हाच्या आत संपवावे.

आता त्या दोन तासांत करायचे काय? इथे बहुतेक गट चुकतात, कारण ते भाषणांची मालिका आखतात. भाषण ऐकायला घर सोडावे लागत नाही. यूट्यूबवर जगातले उत्तम शिक्षक फुकट बोलतात, आणि ‘मग भेटायचेच कशाला’ हा दुसरा आक्षेप तिथूनच येतो. आक्षेप भाषणांपुरता पूर्ण खरा आहे. व्हिडिओ आपल्याला शिकवतो, पण आपली चूक तो पाहू शकत नाही. तुमच्या संगणकावर, तुमच्या आकडेवारीवर, तुमच्याच घाईत झालेली चूक शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते. म्हणून वेळेची वाटणी उलटी करावी: वीस मिनिटे एकाने आपण केलेले काम दाखवावे, तेही अपुरे आणि अडलेले असले तरी चालेल, किंबहुना बरेच, मग तासभर सगळ्यांनी आपापले लॅपटॉप उघडून त्यावर किंवा आपल्या कामावर बसावे, शेवटची वीस मिनिटे ‘माझे कुठे अडले आहे’ आणि ‘मी कशात मदत करू शकतो’ एवढेच प्रत्येकाने उभे राहून सांगावे. हे शेवटचे कधीही वगळू नये. ग्रॅनोव्हेटरचे परिचित याच वीस मिनिटांत तयार होतात.

विषय गावातले घ्यावेत, आणि सोलापूरला विषयांची कमतरता नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. जकार्डची छिद्रे पाडलेली कार्डे ही संगणकाच्या पंचकार्डांची पूर्वज. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या खुणेवर धागा वर जायचा की खाली राहायचा ते ठरते. नक्षी काढणारा एखादा कारागीर आणि चित्रांवर प्रक्रिया करणारा प्रोग्राम लिहिणारी विद्यार्थिनी यांना एका टेबलाशी बसवले, तर त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला बायनरी म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळेल, आणि कारागिराला कागदावरची नक्षी थेट इलेक्ट्रॉनिक जकार्डला कशी द्यायची याची दिशा मिळेल. डाळिंबावरच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आपल्या केगावला आहे. हवामान, आर्द्रता आणि तेल्या रोग यांचा संबंध आकड्यांत कसा मांडायचा, हा कट्ट्याचे तीन-चार महिने पुरणारा विषय आहे. उजनीची पाणीपातळी रोज जाहीर होते. ती गोळा करून आलेख काढणे हा नवशिक्यासाठी उत्तम पहिला प्रकल्प. साखर कारखान्यांचे वजनकाटे, यंत्रमागाचे वीजबिल, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कमी वाया जावे म्हणून मांडणी कशी करावी, असे कितीतरी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर सामान्य भाषण ठेवले की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. गावातला प्रश्न ठेवला की कोणी तरी ‘असे नसते हो ते’ म्हणते, आणि खरे काम तिथून सुरू होते.

भाषेबद्दल स्पष्ट धोरण ठेवा. निवेदन मराठीत, तांत्रिक शब्द जे रुळले आहेत ते तसेच, आणि प्रश्न ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. या गावात मराठीइतक्याच सहजतेने तेलुगू, कन्नड आणि उर्दू-हिंदी बोलली जाते. पूर्व भागातल्या मुलाने तेलुगूत विचारलेला प्रश्न शेजाऱ्याने मराठीत करून सांगितला, तर कोणाचे काही बिघडत नाही. इंग्रजीत बोलल्याने कार्यक्रमाचा दर्जा वाढतो हा समज सोडून द्यावा. त्याने फक्त गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढते, आणि नेमके ज्यांना कट्ट्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच गप्प बसतात.

मुली आणि स्त्रिया येतात का, आणि दुसऱ्यांदा येतात का, यावरून कट्ट्याची प्रकृती कळते. ‘सर्वांचे स्वागत आहे’ असे लिहिल्याने काही होत नाही. सकाळची वेळ, रस्त्यावरून दिसणारी जागा, वेळेवर संपणे, फोन नंबर सगळ्यांना न वाटणे, गटाची छायाचित्रे विचारल्याशिवाय कुठेही न टाकणे या गोष्टींनी होते. वर्तनाचे चार नियम लिहून दाराशी लावावेत आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे, त्यांत एक स्त्री, त्याखाली असावीत. आपल्या ओळखीच्या लोकांत हे कशाला, असे काहींना वाटते. पण ओळखीच्या लोकांतच तक्रार करणे सर्वांत अवघड असते. म्हणूनच वाट आधी आखून ठेवावी लागते. जगातल्या मोठ्या तंत्रपरिषदांनी हे नियम कटू अनुभवांनंतर स्वीकारले. आपल्याला तो अनुभव येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सोलापूरकरांच्या मनातला जुना सल आहे: इथे शिकवून काय उपयोग, पोरं शेवटी पुण्यालाच जाणार. जाणार हे खरे आहे आणि त्यांना कोणी अडवू नये. सॅक्सेनियन यांनीच २००६ मधल्या ‘द न्यू आर्गोनॉट्स’ या पुस्तकात दाखवले की तैवान, इस्रायल आणि भारतातून अमेरिकेत गेलेले अभियंते कायमचे तुटले नाहीत; ये-जा करत राहिले, आणि तैवानच्या सिंचू भागातला चिप-उद्योग उभा राहण्यात त्या ये-जा करणाऱ्यांचा मोठा वाटा होता. सोलापूर-पुणे अंतर तर अडीचशे किलोमीटरचे. गावात दर महिन्याला चालू असलेला कट्टा असेल तर पुण्यात गेलेल्याला परत येऊन बसायला, आपण शिकलेले सांगायला, धाकट्यांना मुलाखतीची तयारी करून द्यायला एक ठिकाण राहते. कट्टा नसेल तर तो येतो, आईच्या हातचे जेवतो आणि रविवारी परत जातो. गावाला त्याच्या दहा वर्षांच्या अनुभवातले काहीच मिळत नाही. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप देताना वर्षातून दोन कट्टे तू घ्यायचेस, असे सांगून तारखा वहीत लिहून घ्याव्यात.

महाविद्यालयांशी संबंध सलोख्याचा पण सैल ठेवावा. प्रमाणपत्र देऊ नये, ही सूचना अनेकांना कठोर वाटेल. प्रमाणपत्राने गर्दी होते, हजेरीपत्रक भरते, आणि दुसऱ्या महिन्यात प्रमाणपत्र नसले की तीच गर्दी नाहीशी होते. आठ माणसे स्वतःहून आली तर ती साठ आणलेल्या माणसांपेक्षा कट्ट्याला जास्त पुढे नेतात. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना पाठवण्यापेक्षा स्वतः येऊन शेजारी बसावे. याचा परिणाम वेगळाच होतो.

पैशाचा प्रश्न महिन्याच्या कट्ट्याला जवळजवळ नसतोच. चहा-पोह्यांची वर्गणी, जागेच्या मालकाला वर्षातून एकदा काही भेट, बस. सुरुवातीलाच प्रायोजक घेतला तर त्याच्या वस्तूची जाहिरात आणि त्याच्या माणसाचे भाषण मागोमाग येते. खरा धोका पैशाचा नसून एकाच माणसावर सगळे अवलंबून राहण्याचा आहे. गट मोडतात ते बहुधा त्या एकाची बदली होते, लग्न होते, तो कंटाळतो म्हणून. पहिल्या दिवसापासून कामे तिघांत वाटा: एक जागेची किल्ली सांभाळणार, एक त्या महिन्याचे काम दाखवणारा माणूस शोधणार, आणि एक फक्त दाराशी उभा राहून नव्या माणसाला हाताला धरून कोणाच्या तरी शेजारी बसवणार. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते करायला तंत्रज्ञान यावे लागत नाही. दर सहा महिन्यांनी तिघेही बदलावेत, जुने खुर्चीत बसलेले असतानाच नव्यांनी काम शिकावे.

हे दीड-दोन वर्षे चालले की परिषद भरवायची वेळ झाली हे कोणी सांगावे लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज तोलून धरणारे हात कितीतरी दिवस आधीपासून सराव करत असतात. कट्ट्यावरच्या माणसांनाही तोवर एकमेकांचा अंदाज आलेला असतो. तारीख मात्र विचार करून घ्यावी. जानेवारीचा मध्य सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, त्यापुढे गणपती, नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जून परीक्षांचे, आषाढीला पंढरपूरच्या वाटा भरलेल्या. उरतो तो फेब्रुवारी. हवा चांगली, वसतिगृहे भरलेली. एक दिवसाचीच परिषद घ्या. निम्म्याहून जास्त सादरकर्ते कट्ट्यावरचेच असावेत, बाहेरचे दोन किंवा तीन, आणि त्यांना आमंत्रण देताना भाषणानंतर दुपारी दोन तास मुलांमध्ये बसावे लागेल हे आधीच सांगावे. फी थोडी का होईना घ्यावी, म्हणजे नाव नोंदवणारा येतो. मधली सुटी लांब ठेवावी, कारण ओळखी सुटीतच होतात. जमाखर्च त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर मांडावा. त्यानंतरच्या महिन्याचा कट्टा कितीही थकवा आला तरी रद्द करू नये. परिषदेत पहिल्यांदा आलेली माणसे त्याच रविवारी दार शोधत येतात, तेव्हा त्या दिवशी दाराशी एकाऐवजी तिघे-चौघे उभे राहावेत आणि खुर्च्या शेजारच्या सोसायटीतून आदल्या रात्रीच आणून ठेवाव्यात.